टिकल्यांची डबी

ती डबी माझी होती. तळहाताएवढीही नाही, पॅरिसच्या बायका गालावरचे देवीचे व्रण झाकायला काळ्या रेशमी टिकल्या चिकटवतात, त्या ठेवायची. झाकणावर आरशात बघणारी बाई मी मिन्याने, तांब्यावर भाजायच्या काचेच्या रंगांनी, रंगवली. अकरा वेळा भट्टीत घातली, पाच महिने डोळे फोडून घेतले. आणि बाबांनी ती सरळ उचलून आपल्या कारागिराला, फिर्मँला दिली. उस्ताद व्हायचं तर धंद्यातल्या पंचांपुढे स्वतःच्या हातचं काम ठेवावं लागतं, आणि या ठोंब्याला साधी पाकळी धड येत नाही!

"तुला कुठे उस्ताद व्हायचंय, उर्स्युल?" बाबा म्हणाले. "मुलींना करतं का कुणी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंच आमच्या कारखान्यात आले. ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. थोरल्या पंचांनी डबी भिंगातून पाहिली. "वा! आता आमच्यासमोर नुसता एक गाल रंगव."

फिर्मँने सगळ्यात लालसर दिसणारा रंग उचलला. गाढव! सोन्यापासून केलेला गुलाबी भाजण्याआधी मळकट जांभळा दिसतो. याने घेतला लोखंडाचा तांबडा, आणि भट्टीत ठेवलाही जास्त वेळ. गाल बाहेर आला तो कलेजीसारखा.

"बाई रंगवलीस की खाटकाचं दुकान?" थोरले पंच म्हणाले. "खरं सांगा, डबी कुणी केली?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, मग अडलंय कुठे? उस्तादाच्या मुलीशी लग्न करणाऱ्याला ही परीक्षा माफ असते. नुसती डबी पुरे. उरकून टाका लग्न!"

बाबांचा जीव भांड्यात पडला. फिर्मँ माझ्याकडे बघून हसला. हसला मेला! मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी डबी उचलली आणि दगडी फरशीवर आपटली. मिन्याचे टवके उडाले. बाईचं तोंड गेलं, आरसा गेला, खाली नुसतं तांबं उरलं.

"अगं सटवे!" बाबा ओरडले. "तुझे पाच महिने मातीत घातलेस!"

"माझे ना?" मी म्हटलं. "मग हे मघाशी का नाही बोललात?"