ढब्याचं अंथरूण

"कुत्रा माझा आणि मुक्काम तुझ्या दारात? काय घालतेस गं त्याला खायला, सांग तरी एकदा!"

सकाळी सकाळी थोरलीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, तेव्हा धाकटी जाऊ अंगणाच्या पलीकडच्या कडेला गवताच्या पेंढ्या रचत होती. अंगण एक, चुली दोन. ढब्या मात्र संध्याकाळ झाली की इकडून उठायचा, आळस द्यायचा आणि सरळ तिकडे जाऊन पसरायचा.

"काही घालत नाही हो जाऊबाई. येतो आणि बसतो."

"बसतो म्हणे! माझ्या दाराला काय काटे आहेत?"

थोरलीच्या पोटात दुखत होतं ते खरं हे. सहा वर्षांपूर्वी डोळेही न उघडलेलं हे पिल्लू तिने पदरात घालून आणलं होतं, कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी घरात आलेल्या या पोरीच्या पायाशी तो लोळायचा!

पाऊस सरला होता. पिकं निघाली, बांधावरचं गवत कापून झालं, पहाटे अंगावर काटा येऊ लागला. थोरलीने मनाशी ठरवलं, याला थंडी वाजते, म्हणून हा तिकडच्या आडोशाला जातो. तिने गोठ्यातलं जुनं पोतं घेतलं, बांधावरचं गवत त्यात दाबून भरलं, दाभणाने शिवलं आणि आपल्या दाराशी टाकलं.

"असली गादी आपल्या लग्नात मला नाही मिळाली," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

ढब्या एक रात्र त्यावर झोपला. दुसऱ्या दिवशी कराकरा अंग खाजवत उठला आणि धाकटीच्या उघड्या फरशीवर जाऊन पडला. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने दोर आणला आणि त्याला गादीपाशीच बांधून टाकलं. फिरवून आणायचं, खाऊ घालायचं, पुन्हा बांधायचं.

तिसऱ्या दिवशी धाकटी भीत भीत आली. "जाऊबाई, दुपारी घटकाभर सोडा ना त्याला माझ्याकडे."

"का? करमत नाही वाटतं? तुझं तू दुसरं पाळ."

धाकटी काहीतरी बोलणार होती, पण तोंड मिटून निघून गेली. थोरलीला मनापासून बरं वाटलं.

बाराव्या दिवशी ढब्याने भाकरीला तोंड लावलं नाही. उभा केला तर मागचे पाय लटपटायला लागले. थोरलीचं काळीज हललं, पण जिभेवर पहिलं आलं ते दुसरंच. "हिनेच काहीतरी घातलं असणार!" तोवर नवरा जनावरांच्या डॉक्टरला आणायला गेलाही होता.

डॉक्टरने ढब्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. मग कान उलटा केला आणि तो थोरलीकडे बघतच राहिला.

"काकू, हे दिसलं नाही तुम्हाला? गोचीड आहेत. शेकड्यांनी."

थोरलीला जवळचं नीट दिसत नव्हतं, चार वर्षं झाली. हे तिने घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं.

डॉक्टरने पोतं फाडलं, आतलं मूठभर गवत पांढऱ्या कागदावर झटकलं. कागद चालायला लागला. "या दिवसांत गवतात हेच असतं. गोठ्याचं पोतं, वर हे गवत, आणि त्यावर जनावर बांधून ठेवलंत! रक्त पिऊन ताप आणलाय त्यांनी. पण कातडीवर जुन्या खुणा आहेत. आधी कुणीतरी रोज काढत होतं. कोण?"

धाकटी खाली मान घालून म्हणाली, "मी. दुपारी चिमट्याने ओढायचे, साबणाच्या पाण्यात टाकायचे."

"मग मला बोलली का नाहीस?" थोरली ओरडली.

"तुम्ही म्हणाला असता, माझा कुत्रा मला सांभाळता येत नाही असं म्हणतेस का."

अगदी हेच म्हणाली असती थोरली.

सुया टोचून झाल्या. डॉक्टर म्हणाला, "गादी जाळा. कोरड्या फरशीवर ठेवा, खाली धुतलेली गोधडी घाला. आणि रोज बोटाबोटाने अंग तपासायचं, कान, काखा, बोटांच्या बेचक्या. कुणाकडे ठेवताय?"

थोरलीने दोर सोडला, ढब्याला दोन्ही हातांवर उचललं आणि अंगण ओलांडून धाकटीच्या फरशीवर ठेवलं. मेल्याने तेवढ्या तापातही धाकटीकडे बघून शेपूट हलवलं. थोरलीला ते सहन झालं नाही. ती तिथेच त्याच्या मागच्या पायांशी बसकण मारून बसली.

"घरी जात नाही का जाऊबाई?"

"नाही जात. कुत्रा माझा आहे."

आठव्या दिवशी ढब्या भाकरी मागायला लागला. आता रोज दुपारी दोघी फरशीवर बसतात. ढब्याचं डोकं धाकटीच्या मांडीवर, मागचा भाग थोरलीच्या. धाकटी डोळ्यांनी शोधते, थोरली बोटांनी चाचपते.

परवा धाकटीने कान तपासला आणि "साफ आहे" म्हणाली. थोरलीने हात लांब करून कानामागची घडी चाचपली, थांबली, चिमटा मागितला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा गोचीड धाकटीच्या नाकासमोर धरला.

"हा बघ. तुझ्या लाडक्या मांडीवर बसून रक्त पीत होता."

धाकटी ओशाळली. त्या दिवशी थोरली दोन घास जास्त जेवली.