बसवा, खुशाल बसवा

आमच्या कॉलेजच्या नाटकमंडळानं समाजाला जागं करायचं ठरवलं तेव्हा समाज बाजारात खरेदी करत होता, म्हणजे चांगला जागा होता. आम्ही भर चौकात पत्र्याचा डबा बडवून गर्दी जमवायचो, घसा फोडून अन्यायाविरुद्ध बोलायचो आणि लोक टाळ्या वाजवून भाजी घ्यायला निघून जायचे. एकदा एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, छान करता गं तुम्ही, पण जरा तिकडे सरकून करा, दुकानाची वाट अडते.

या सगळ्याला आमचा दिग्दर्शक जबाबदार होता असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. त्याला आम्ही पल्लेदार म्हणायचो, कारण साधा चहा मागायचा झाला तरी त्याला भलंमोठं वाक्य लागायचं. त्याच्या नाटकात गरीब माणूस मरतानासुद्धा दोन पानं बोलायचा. मी त्या गरीब माणसाची बायको व्हायचे आणि ती दोन पानं संपेपर्यंत मला शेजारी रडत राहावं लागायचं. समाजाचं मला माहीत नाही, पण माझ्यावर त्या नाटकात निश्चित अन्याय होत होता.

खरा अन्याय घरी होता. आई गावातल्या सगळ्यात मोठ्या कापडदुकानात पडद्यांच्या काउंटरवर कामाला होती. त्या दुकानाचा नियम असा, की शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत काउंटरवरच्या बायकांनी बसायचं नाही. गिऱ्हाईक असो वा नसो. दुकानात खुर्च्या होत्या, चांगल्या गादीच्या, पण त्या गिऱ्हाइकांसाठी. उभी बाई दिसली की गिऱ्हाईक आत येतं आणि बसलेली दिसली की परत फिरतं, असं मालकांचं शास्त्र होतं. ते पाळलं जातंय की नाही हे बघायला त्यांनी एक सुपरवायझर ठेवला होता. कुणी कापडाच्या गठ्ठ्याला नुसतं टेकलं तरी तो मागून येऊन हळूच "उठा" म्हणायचा. उभ्याच असलेल्या बाईनं आणखी कुठे उठायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक. बायका त्याला उठासाहेब म्हणत.

आईच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा टरारून वर आल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की कामात मधूनमधून बसत जा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. ऑपरेशन म्हणजे काही महिने घरी, आणि घरी राहिलेल्या बाईला ते दुकान परत घेत नसे. चादरींच्या काउंटरवरची आईची मैत्रीण तशीच गेली होती. म्हणजे बसावं तर आज नोकरी जाणार, आणि उभं राहावं तर आधी पाय जाणार आणि मागोमाग नोकरी. घर तिच्याच पगारावर चालत होतं. मला हे आठवलं की डोक्यात तिडीक जायची.

"मी बोलू का तुमच्या मालकांशी?" मी तिला विचारलं होतं.

"बोल. आणि उद्यापासून तूच ये पडदे विकायला," ती म्हणाली. "आणि तुमचा तो डबा दुकानाच्या आसपास वाजलेला मला ऐकू आला ना, तर याद राख."

एका संध्याकाळी ती गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती आणि मी फोनवर पल्लेदारशी भांडत होते. नवं नाटक कुठे करायचं, यावरून.

"चौकात पुरे झालं आता," मी म्हणत होते. "या वेळी एखाद्या दुकानातच बसवू या."

"बसवा गं बाई," आई बादलीवरून म्हणाली. "दुकानात कुणीतरी बसवाच आम्हाला. लई उपकार होतील."

ती थट्टेनं म्हणाली. पण नाटक बसवणं आणि माणसाला बसवणं यासाठी आपल्याकडे एकच शब्द आहे, हे इतकी नाटकं बसवूनही आमच्यातल्या एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. माझं भांडण तिथेच संपलं. पलीकडे पल्लेदारचंही. त्यानं आईचं बोलणं ऐकलं होतं.

दुकानाचे मालक नाटकवेडे होते. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा नाटकात सम्राटाचं काम केलं होतं आणि ते काम त्यांच्या अंगातून अजून उतरलं नव्हतं. कॉलेजच्या समारंभात पाहुणे म्हणून आले की ते भाषणात त्यातला एक संवाद म्हणून दाखवत आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. मी कुणाची मुलगी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते कळू द्यायचं नाही आणि आईलाही आधी काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं, कारण काही फसलं तर सगळं तिच्यावर शेकलं असतं.

"मालक, तुमच्या दुकानात एक बसवायचं म्हणतोय," पल्लेदार म्हणाला. थोडक्यात बोल अशी मी त्याला तंबी दिली होती आणि ती पाळताना त्याला घाम फुटला होता.

"वा. विषय काय?"

"स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बायका."

"उत्तम विषय," मालक म्हणाले. "माझ्याकडच्या सगळ्या बायका स्वतःच्या पायावर उभ्या आहेत."

"तेच लोकांना दाखवायचंय," मी म्हणाले.

"सेलच्या पहिल्या दिवशी करा मग. गर्दी असते." ते जरा थांबले. "मला काही काम आहे का त्यात?"

"सम्राटाचं आहे," पल्लेदार म्हणाला. "मी विचारणार, महाराज, बसवू का? आणि तुम्ही म्हणायचं, बसवा, खुशाल बसवा. बाकी सगळं त्यानंतर."

मालकांनी तिथल्या तिथे घसा साफ केला. नाटक सुरू करायची परवानगी मागण्याची ही काहीतरी नवी पद्धत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांचा गैरसमज दूर करावा असं आम्हाला अजिबात वाटलं नाही.

कॉलेजच्या रंगमंचामागच्या खोलीत बसण्यासारखं जे जे होतं ते सगळं आम्ही उचललं. न्यायाधीशाची खुर्ची, दवाखान्यातलं स्टूल, दोन डुगडुगते बाक, नायिकेच्या प्रत्येक बापानं जिच्यात बसून सुस्कारे टाकले होते ती आरामखुर्ची, आणि एक सोनेरी सिंहासन, ज्याच्या गादीतला कापूस उंदरांनी पळवला होता.

सेलच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मालक घरून स्वतःचा मुकुट घेऊन आले होते. तो त्यांनी एवढी वर्षं कुठे जपून ठेवला होता कुणास ठाऊक, पण कोट आणि टायवर तो चढवून ते गल्ल्यासमोर उभे राहिले तेव्हा गिऱ्हाइकांनी खरेदी सोडून गोल केला. पल्लेदार पुढे आला, वाकला आणि म्हणाला, "महाराज, बसवू का?"

"बसवा, खुशाल बसवा," मालक गरजले. मग एवढ्यावर समाधान न झाल्यामुळे त्यांनी हात उंचावून पदरचं घातलं, "आज बसवा, उद्या बसवा, रोज बसवा. हे राज्य तुमचंच आहे."

आम्ही इतकं मागितलंही नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मागच्या दारानं आमची मंडळी खुर्च्या घेऊन आत आली. एकेकानं एकेका काउंटरच्या मागे जाऊन एकेक खुर्ची ठेवली. मी सिंहासन फरफटत पडद्यांच्या काउंटरपर्यंत नेलं. आईनं माझ्याकडे बघितलं. ओठ न हलवता ती म्हणाली, "कार्टे, काय चालवलंयस?"

"बस," मी पुटपुटले.

ती बसली नाही. कुणीच बसलं नाही. साऱ्या दुकानात बायका खुर्च्यांपुढे ताठ उभ्या होत्या आणि मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू घट्ट होत चाललं होतं. त्यांना कळलं होतं. लोक वाट बघत होते. पल्लेदारचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्च्या कोणत्या, कुठून आणायच्या, कुठे ठेवायच्या, सगळ्याची आम्ही तालीम केली होती. बसायला लागणाऱ्या धाडसाचा मात्र आम्ही विचारही केला नव्हता, कारण नोकरी आमची जाणार नव्हती. मला तेव्हा खरीखुरी भीती वाटली, आणि स्वतःचा रागही आला.

आईनं गळ्यातला टेप काढून काउंटरवर ठेवला.

"महाराज," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपली आज्ञा आहे ना?"

मालकांनी गर्दीकडे बघितलं. अर्धं गाव त्यांच्या मुकुटाकडे बघत होतं. "आहे," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग बसते," आई म्हणाली आणि बसली. बसताना तिच्या तोंडून "हुश्श" असं काही निघालं की ते पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं. आमच्या कुठल्याच नाटकात इतकं चांगलं वाक्य नव्हतं. पाठोपाठ न्यायाधीशाची खुर्ची बसली, स्टूल बसलं, बाक करकरले. सवयीनं उठासाहेब पुढे आला आणि "उठा" म्हणाला, तेव्हा गिऱ्हाइकांतल्या एक आजी त्याच्यावर खेकसल्या, "अहो, महाराज बसा म्हणालेत ना?" मालकांनी वाकून मानवंदना स्वीकारली.

घरी आल्यावर आईनं माझी बिनपाण्यानं केली. नोकरी गेली असती म्हणजे, मला विचारलं का नाही म्हणजे, एवढी अक्कल कुठून आली म्हणजे. सगळं बोलून झाल्यावर ती पाय चोळत म्हणाली, "आणि त्या सिंहासनावर एखादी उशी टाका. टोचतं."

दुसऱ्या दिवशी उठासाहेबानं खुर्च्या जिन्याखाली रचून ठेवल्या. नाटक संपलं होतं. पण मालक 'रोज' म्हणाले होते आणि ते गावानं ऐकलं होतं. दुपारी पल्लेदार आणि मी दुकानात हजर झालो. "मालक, आजचा प्रयोग," आम्ही म्हणालो. ते नाही म्हणायला तोंड उघडतायत तोवर एका गिऱ्हाइकानं विचारलं, सम्राट ते तुम्हीच का हो? त्यांनी खणातून मुकुट काढला.

मग रोज दुपारी प्रयोग व्हायला लागला. महाराज आज्ञा देत, बायका बसत आणि बसून पडदे विकत, एवढंच नाटक. पल्लेदारनं ते हळूहळू लांबवायला घेतलं. आधी चहा थंड होईपर्यंत चालायचं, मग दुपारभर, मग दिवे लागेपर्यंत. लांबण लावल्याबद्दल त्याला आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी मिळाली. गिऱ्हाईक काही परत फिरलं नाही, उलट बघायला म्हणून यायचं आणि चादर घेऊन जायचं. तरी आम्ही नसलो की खुर्च्या जिन्याखालीच असायच्या. मालकांच्या लेखी ते नाटकच होतं, आणि नाटक बंद पडलं की पुन्हा उभं राहायचं हे आई धरून चालली होती. तिच्या पोटऱ्यांची सूज आत्ता कुठे उतरू लागली होती.

मग आमची परीक्षा आली. पेपर दुपारचे होते. पहिल्याच दिवशी पेपर लिहून होताच मी दुकानाकडे पळत सुटले, आणि दारातच थबकले.

आई सिंहासनावर बसली होती. तिनं ते स्वतः जिन्याखालून ओढून आणलं होतं. तिचं बघून बाकीच्याही बसल्या होत्या. आणि मालक तिच्या काउंटरसमोर उभे होते, डोक्यावर मुकुट नव्हता.

"बाई, आज नाटक नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मग बसलात कशा?"

मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या डोक्यात अन्यायावरचे ढीगभर संवाद पाठ होते आणि त्यातला एकही जिभेवर येईना. बाकीच्या बायका अर्धवट उठल्या होत्या. उठासाहेब मालकांच्या तोंडाकडे बघत होता.

"पाय दुखतात माझे," आई म्हणाली. "म्हणून बसले."

मालक वाट बघत राहिले. पुढे काही वाक्य असेल असं त्यांना वाटलं असावं. पुढे काही नव्हतं. तेवढ्यात पडदा हातात धरून ताटकळलेली एक बाई म्हणाली, "अहो, याची लांबी सांगता का?" आईनं टेप उचलला आणि बसल्या बसल्या कापड मोजायला घेतलं. मालक तिचे हात बघत उभे होते.

"डॉक्टरांना दाखवलंत का?" त्यांनी विचारलं.

"दाखवलं. त्यांनीच सांगितलंय बसायला."

"मग आधी बोलायचं नाही का?"

आईनं मान वर करून त्यांच्याकडे फक्त बघितलं. मालकांनी नजर दुसरीकडे वळवली आणि अर्धवट उठलेल्या बायकांवर ते उगाचच ओरडले, "तुम्ही कशाला उभ्या? बसा. आणि गिऱ्हाईक आलं की हसायचं, सिंहासनावरून बघितल्यासारखं बघायचं नाही." जाता जाता त्यांचं लक्ष दारात उभ्या माझ्याकडे गेलं. "आणि ही रोज रोज इथे काय करते?"

"माझी मुलगी आहे ती," आई म्हणाली.

मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सगळा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर जुळताना दिसत होता.

"म्हणजे मुलीला नाटकात घातलंत तुम्ही?"

"नाही हो," आई कापड दुमडत म्हणाली. "तिनं मला घातलं होतं. मी आज बाहेर पडले."