रेडिएटर आणि शिशाचा एप्रन

मित्रांनो, मला एका हाताने उचलायला जाऊ नका, कंबर धरेल! दिसायला मी साधा निळा एप्रन, पण माझ्या पोटात शिशाचा थर आहे. इस्पितळात क्ष-किरणांनी शरीराच्या आतलं पाहत जिथे उपचार करतात, त्या खोलीत मी डॉक्टरबाईंच्या अंगावर असायचो. किरण मी अडवायचे आणि काम त्यांनी करायचं, अशी आमची वाटणी होती.

मला एकच पथ्य, घडी घालायची नाही. घडीवर आतला थर तडकतो आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून माझी जागा दाराजवळच्या जाड दांड्यावर. एकदा सफाईच्या मावशींनी मला पुसून चादरीसारखी चौकोनी घडी घातली आणि कौतुकाने कपाटात ठेवलं. "अगं बाई!" म्हणत डॉक्टरबाई धावल्या. मावशी इतक्या ओशाळल्या, की तेव्हापासून रोज माझ्यावरून हात फिरवून स्वतः मला टांगू लागल्या. मला ते फार आवडायचं.

दांड्याशेजारीच चहाची किटली होती, त्यामुळे सगळ्या गप्पा मला आयत्या ऐकायला मिळत. त्यात लाडका विषय ड्रायव्हरकाकांचा. काका कर्मचाऱ्यांची बस चालवत. रोज पेट्रोलपंपावर ते गाडी थांबवत, "रेडिएटर तापलाय" म्हणत बादली घेऊन पंपामागे जात आणि बराच वेळ परत येत नसत.

"ही बस आहे की उंट? किती पाणी पिते!" नर्स म्हणायची आणि सगळे हसायचे.

डॉक्टरबाई हसायच्या नाहीत. "बस पिते खरी," त्या एकदा म्हणाल्या, "पण काकांनी स्वतःचं पाणी आणि चहा का सोडलाय?"

एका सकाळी काका आमच्या दारात आले. हातात बसची चावी, मागे काकू.

"ऑफिसात चावी द्यायला निघालोय, डॉक्टर. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

"का हो, काय झालं?"

काका छताकडे बघू लागले. शेवटी काकूच बोलल्या, "रेडिएटर कसला डोंबलाचा! यांनाच सारखं जावं लागतं, आणि जाऊनही लघवी धड होत नाही. गोळ्यांनी चक्कर येते, म्हणून गाडीच सोडतो म्हणतात. ऑपरेशनचं नाव काढलं की ताटावरून उठतात. गाडीवाचून हे घरी बसले तर झुरतील हो, आणि मला वेड लावतील ते वेगळंच!"

तपासण्या झाल्या. काकांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्ग दाबत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, कापायचं नाही. मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत नेऊ आणि ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत वाळूसारखे मणी सोडू. पुरवठा तुटला की ग्रंथी हळूहळू आक्रसते. सगळ्यांना हा उपाय चालत नाही, तुम्हाला चालेल असं दिसतंय."

उपचाराच्या दिवशी काका टेबलावर जागेच होते. पडद्यावर त्यांच्या धमन्या नकाशातल्या रस्त्यांसारख्या दिसत होत्या.

"वळण अरुंद आहे, हॉर्न द्या!" काका म्हणाले. नर्स हसली.

मग डॉक्टरबाईंचा हात थांबला. नळी भलत्याच फांदीत शिरली होती. तिथे मणी सुटले असते, तर मूत्राशयाला इजा झाली असती. माझ्याआड त्यांचं काळीज धडधडताना मला जाणवलं. त्यांनी नळी सावकाश मागे घेतली, पुन्हा पाहिलं आणि नीट वळवली.

"मागे घेतलीत ते बरं केलंत," काका हळूच म्हणाले. "आमच्यातले पुष्कळ जण तशीच पुढे दामटतात."

योग्य फांदीत मणी सोडले, ग्रंथीच्या दुसऱ्या बाजूचंही काम झालं आणि संध्याकाळी काका घरी गेले. पहिले काही दिवस जळजळ झाली, त्यांनी कुरकुर केली, काकूंनी ती ऐकून घेतली. मग हळूहळू त्रास ओसरला. चावी काकांच्याच खिशात राहिली.

पुढे माझ्या नेहमीच्या तपासणीत मला किरणांखाली धरलं, तर घडीच्या जागी बारीक तडा. मला निरोप द्यायचं ठरलं. मावशींनी शेवटचा हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वितळवायला नेणार होते, तेही काकांच्याच बसने.

"बाहेरून तर ठणठणीत दिसतोय!" काका म्हणाले.

"तुम्हीही तसेच दिसत होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकांनी मला घडी न घालता मागच्या सीटवर नीट पसरून ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी पाणी प्यायचं टाळत असेल, सारखं उठून जात असेल आणि भलतंच कारण सांगत असेल, तर हसू नका. जवळ बसा आणि विचारा. आतला तडा कुणीतरी पाहावा लागतो.

पेट्रोलपंप आला आणि बस थांबली. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका बादली घेऊन उतरले आणि सगळ्यांचे चेहरे बघून ओरडले, "अहो, असे काय बघता? आज खरंच तापलाय!"

बॉनेटमधून वाफ निघत होती. सगळी बस हसत होती, आणि सगळ्यांत मोठ्याने काका.