कुंकवाखालचे चार आकडे

मी एक टायर आहे. पण रस्त्याबद्दल मला काही विचारू नका. दहा वर्षांत मी एक किलोमीटरसुद्धा धावलेलो नाही. पाचगणीजवळच्या एका वाडीत, आप्पासोंच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गोणपाटात गुंडाळलेला मी पडून होतो. हसू आलं तर हसा, मला सवय आहे.

आम्ही पाच भावंडं नव्या पिकअपबरोबर आलो. चौघं चाकांना लागली, मी स्टेपनी. आप्पासोंनी पहिल्याच आठवड्यात मला चाकाच्या लोखंडी डिस्कवरून उतरवलं आणि तिथं कुठला तरी जुना टायर चढवला. "नवा टायर गाडीखाली टांगून चिखलात घालायचा व्हय? ऱ्हाऊ दे घरात, अडीनडीला," म्हणाले. अडीनडी येत गेली, पंक्चर होत गेली, आणि प्रत्येक वेळी जुन्यावरच भागलं. भावंडं स्ट्रॉबेरी वाहून पसरणीच्या घाटात झिजली, बदलली गेली. मला त्यांचा हेवा वाटायचा.

वर्षातून एकदा मात्र माझा मान असे. खंडेनवमीला आप्पासो मला अंगणात आणायचे, काळं पॉलिश चोळायचे आणि गाडीशेजारी टेकवून पूजा करायचे. माझ्या कडेला एक लहानशी लंबगोल चौकट आहे, तिच्यात चार आकडे. ती कुंकू लावायलाच केलीय असं आप्पासोंना वाटलं असावं. दर वर्षी बोट तिथंच. पॉलिश करतानाही ते कुंकवाला वळसा घालायचे. देवाचं पुसायचं कसं! पाचगणीच्या ओल्या हवेत ते थरावर थर बसून घट्ट झालं. "बघा, अंगावरची केसंसुद्धा हायती अजून," असं ते शेजाऱ्यांना दाखवायचे. रबराचे ते बारीक केस माझ्या अंगावर होते खरे. माणसं वय केसांवरूनच ओळखतात, त्याला कोण काय करणार?

आप्पासोंचा मुलगा साईराज फौजेत आहे. आप्पासोंचा गुडघा धरला तेव्हा गाडीची किल्ली सुनेनं, दीपमालानं, घेतली. हंगामात रोज सकाळी क्रेट भरून ती एकटी घाट उतरायची आणि वाईला माल पोचवायची. यंदाच्या जानेवारीत गाडीचा पुढचा डावा टायर पार गुळगुळीत झाला.

"टायर इकत घ्यावा लागंल, मामंजी," ती म्हणाली.

"इकत? घरात कोरा करकरीत हाय की! त्योच चढवू."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पण आप्पासोंना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. पत्र्याखालच्या दहा उन्हाळ्यांनी मी आतून वाळलो होतो. पॉलिशखाली भेगा होत्या. मला तोंड असतं तर मी हे सांगितलं असतं का? छातीठोकपणे नाही सांगता येत. मला एकदा तरी धावायचं होतं.

दीपमालानं आप्पासोंना शेजारी बसवून रिकामी गाडी जपून वाईला नेली. मी मागं हौद्यात. म्हणजे घाट उतरलो, पण सामान म्हणून. टायरच्या दुकानात दुकानदार नानासोंनी मला उभं केलं, वाजवून बघितलं आणि विचारलं, "कवाचा हाय ह्यो?"

"नवाच हाय रं," आप्पासो म्हणाले.

"वापरला न्हाई म्हंजे नवा न्हवं, आप्पा. मी वय इचारतोय. घाट उतरताना समदा भार फुडच्या चाकांवर येतो. कुंकू लावलंय तितंच सन असतंय. पुसा ते."

"पुसा? पूजेचं कुंकू हाय ते!"

दीपमालानं ओढणीचं टोक पाण्यात बुडवलं, मला हात जोडले आणि अंगठ्याच्या नखानं खरवडायला लागली. आप्पासोंनी तोंड फिरवलं. एकेक आकडा वर आला. एक, चार, एक, पाच.

"चौदावा आठवडा, सन पंधरा," नानासो म्हणाले. "धा वर्सं व्हत आली की! शिवाय फुडं जोडी सारखी पायजे. एक म्हातारा, एक तरणा, असं चालत न्हाई."

"आकड्याचं काय घिऊन बसलाईस! झिजलाय का त्यो? चढव म्हंतो ना," आप्पासो कडाडले.

दीपमाला उठून उभी राहिली. "मामंजी, तुमी म्हणाल तर उद्या ह्याच्यावर माल घिऊन उतरते. पर आदी ह्याला हात लावून बघा, आन मग म्हणा."

नानासोंनी गुडघा रोवून मला वाकवलं. पॉलिश तडकलं आणि कडेच्या भेगांनी तोंडं उघडली. आप्पासोंनी एका भेगेत नख घातलं. ते सबंध आत गेलं. बराच वेळ त्यांनी ते बाहेर काढलं नाही. मला शरम वाटली आणि त्यांची कीवही आली. पोटच्या पोरासारखं जपलं होतं त्यांनी मला.

"दोन काढ, नाना," ते शेवटी म्हणाले. "मालाच्या गाडीचंच दे. आन आदी मला सन दाव."

ह्या खंडेनवमीला त्यांनी नव्या टायरांना कुंकू लावलं ते चौकटीपासून चार बोटं लांब. "ऱ्हाऊ दे तेवढं उघडं," म्हणाले.

मी आता अंगणात आडवा पडलेला असतो. तुम्ही टायर घ्यायला जाल तेव्हा केस आणि झिलई बघून भुलू नका. भार किती पेलतो ते विचारा, जोडी बघा, आणि वय विचारायला लाजू नका. माझ्यासारख्याला वाईट वाटेल थोडं, पण वाटू दे.

हंगाम पुन्हा सुरू झालाय. दीपमाला गेली की आप्पासो दुखरा गुडघा लांब करून माझ्यावर बसतात, घाटाकडे तोंड करून. हातातला चहा गार होतो तरी त्यांचं लक्ष नसतं. मग वळणावर हॉर्न वाजतो आणि ते मला धरून सावकाश उठतात. मी रस्त्याला टेकलो नाही तो नाहीच. ती मात्र घरी आली.