न झालेल्या लढाईची गढी

“गेनबा, हे भुयार नाही. हा शौचकूप आहे.”

आनंदरावांनी हे इतक्या सहज सांगितलं की गेनबाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं. साळूबाईने पदर तोंडाशी धरला होता आणि तो काही लाजेने धरलेला नव्हता.

वेल्ह्याजवळच्या या पडक्या गढीची राखण गेनबा तीस वर्षं करत होता. राखण म्हणजे गुरं आत शिरू द्यायची नाहीत आणि तोरण्याला निघालेले पुण्याचे पाहुणे वाट वाकडी करून आले तर त्यांना गढी दाखवायची. दाखवताना मात्र त्याच्या जिभेला हाड नसायचं. वरच्या मजल्यावरच्या कोनाड्यातून भिंतीच्या पोटात उतरणारं ते भोक थेट तोरण्यावर निघतं, असं तो छातीठोक सांगायचा. बायाबापड्या तिथे हळदकुंकू वाहायच्या. एकीने तर नारळ फोडला होता.

“पाणी ओतून बघा,” आनंदराव म्हणाले.

साळूबाईने कळशी ओतली. मागच्या अंगाला एरंडाच्या झुडपात पाणी पडल्याचा आवाज आला. तोरण्यावर काही गेलं नाही.

आनंदराव हे भोर दरबाराने मोजणीला धाडलेले नकाशानवीस. सन एकोणीसशे सदतीसचा मार्गशीर्ष होता. नसरापूरहून वेल्ह्याकडे नवा रस्ता येत होता, त्यावरच्या ओढ्याला पूल हवा होता आणि पुलाला दगड. गढीला काही इतिहास निघाला तर ती ठेवायची, नाहीतर दगड पुलाला द्यायचे, असं ठरलं होतं. गेनबाला हे ठाऊक होतं, म्हणून तर तो सकाळपासून दुप्पट बोलत होता.

दिवसभर टेप धरून मापं चालली. तीन मजली चौकोनी गढी, भिंती चार हात जाड. दार जमिनीपासून पुरुषभर उंच, संकट आलं तर शिडी आत ओढून घेता यावी म्हणून. जिना भिंतीतूनच वळत वर गेलेला, एका वेळी एकच माणूस चढेल असा.

“बांधणाऱ्याला डोकं होतं,” आनंदराव म्हणाले, आणि गेनबा असा फुगला की जणू त्यानेच भिंत रचली होती.

पण कुठे गोळ्याचा व्रण नाही, जळाल्याची खूण नाही. संध्याकाळी पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर आनंदरावांनी कागद पुढे ओढला. दिवसभरात त्यांचाही गढीवर जीव जडला होता.

“लढाई झाली असती तर वाचली असती,” ते म्हणाले. “असं करू. आजोबांकडून लढाईचं ऐकलंय, असा जबाब मी लिहितो. तुम्ही अंगठा करा. पुढचं मी बघतो.”

गेनबाने भुयारासोबत अशी एक लढाईही पाहुण्यांना शेकडो वेळा रंगवून सांगितली होती. दर खेपेला मेलेल्यांचा आकडा चढायचा. पण आता समोर शाई होती. त्याने अंगठा मुठीत मिटून घेतला.

“अवो, करा की,” साळूबाई हळूच म्हणाली. “कोन बगाय येतंय?”

“सांगनं निराळं, अंगठा निराळा,” गेनबा म्हणाला. “पावन्याला गंमत वाटती म्हून सांगतो म्या. आनंदराव, आज्जा सांगायचा त्ये लिवा. हितं कुनीच आलं न्हाई. देशमुखानं भ्यानं गढी बांदली. चार पिढ्या लोक शिडी वर वढून निजली. पर दुश्मन काय फिरकला न्हाई. मेलं कोन, तर येक म्हातारी. जिन्यावरनं पडली.”

“मग गढी जाईल, गेनबा.”

“जाईल. ठावं हाय मला.”

साळूबाई पुढे सरकून म्हणाली, “आन माजी दोन बाळंतपनं लिवा. घर पावसात बसलं तवा हितंच ऱ्हायलो आमी. लई ऊब हाय भिंतीला.”

“बाळंतपणं अहवालात येत नाहीत, बाई.”

“गढीत आली, मंग कागदात का न्हाई?”

आनंदराव हसले आणि त्यांनी लिहिलं. गेनबाने अंगठा असा दाबला की शाई कागदाच्या पाठीवर उमटली.

हुकूम शिमग्याच्या आधी आला. वडार आले, तेव्हा गेनबा त्यांच्यासोबत उभा राहून कोणता दगड आधी ढिला करायचा ते सांगत होता, कुणाच्या पायावर पडू नये म्हणून. वाईट वाटलं का? वाटलंच. दोन दिवस त्याला भाकर गोड लागली नाही. पण मनाला टोचणी नव्हती. गाड्या भरून दगड गेले, आणि खाली कमरेएवढी भिंत राहिली.

पुढच्या वर्षी पूल झाला. बाजाराला जाताना शेजारच्या रखमाजीची गाडी पुलाशी आली, तेव्हा गेनबा म्हणाला, “थांबीव जरा.” तो खाली उतरला. वहाणा काढून त्याने काखेत मारल्या.

“काटा लागला व्हय रं?” रखमाजीने विचारलं.

गेनबा अनवाणी पाय दगडांवर जपून टाकत, कडेकडेने पलीकडे चालत गेला. मागोमाग साळूबाई उतरली आणि पदर डोक्यावर सारखा करून त्याच्या मागे गेली. रखमाजीने दोघं पार होईपर्यंत कासरा ओढून धरला, आणि मगच बैलांना आवाज दिला, तोही हळू.