उंबरदऱ्यावर ड्रॅगन

दर रविवारी दुपारी बजाजनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझं राज्य असतं. आठवडाभर मी वाळूजच्या एका कंपनीत सुट्या भागांची मापं तपासते. तिथं मला कोणी विचारत नाही. पण रविवारी जेवणं उरकली की मी म्हणेन तिथं डोंगर उभा राहतो. खेळच तसा आहे. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक माणूस होऊन बोलायचं, आणि काही धाडस करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर आपटलात. माझा धाकटा भाऊ सम्यक हा सेनापती आणि त्याचा मित्र अभय मांत्रिक. राजे, तह, लढाया आणि सगळ्यांना शेवटी ज्याच्याशी झुंजायचं तो काळाग्नी नावाचा ड्रॅगन, हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं.

मग सम्यकनं दिपालीशी लग्न केलं. ती मेंढपाळाच्या घरातली, आम्ही बौद्ध. दोन्हीकडच्यांनी तोंडं फिरवली. मी मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूनं उभी राहिले, हे इथंच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

“ताई, मी बी खेळू का?” तिनं विचारलं. म्हटलं, खेळ की. तलवार घे, धनुष्य घे. तिनं काय घ्यावं? घर! उंबरदरा नावाचं गाव मी नकाशावर नुसतं जागा भरायला टाकलं होतं. तिथं ती एक बाई होऊन राहायला लागली. लढाईचं नाव नाही, नुसते प्रश्न. “इथल्या बाया पाणी कुठून आणतेत? पोराचं नाव कोण ठेवतं? सेनापती जेवून गेले, आता ती भांडी कोण घासतं?”

मी काय सांगणार, कपाळ! इतकी वर्षं माझ्या जगात कोणी भांडीच घासली नव्हती. मग तीच उत्तर द्यायची. उंबरदऱ्यात पोराचं नाव सुईण ठेवते, आणि ते पोर पहिल्यांदा खोटं बोलेपर्यंत कोणाला सांगत नाही. दोन घरांत भांडण झालं तर ते मिटेपर्यंत दोघांनी एकाच चुलीवर रांधायचं. असलं काहीबाही. आणि सम्यक-अभय आ वासून ऐकायचे. माझ्या तहांच्या वेळी हेच दोघं मोबाइल चाळत बसायचे!

बघता बघता सेनापतीनं उंबरदऱ्यात घर बांधायला काढलं. मांत्रिक सुईणीकडं औषधं शिकायला राहिला. माझा राजा राजधानीत एकटाच बसून. माझा जळफळाट झाला, सरळ सांगते. जग मी उभं केलं आणि आयत्या बिळात हा नागोबा. तिचं वागणं तरी वाईट असावं, म्हणजे मला भांडता आलं असतं. तेही नाही. सकाळी माझ्याआधी उठून माझा डबा भरायची.

शेवटी एका रविवारी मी ठरवलं, उंबरदरा जाळायचा.

“उन्हाळा लागलाय,” मी आवाज खोल करून सांगायला लागले. “सुगी संपली. आकाश काळवंडतं आणि काळाग्नी उंबरदऱ्याच्या शेतांवर आग ओकतो. सगळी रानं पेटली आहेत. आता तो घरांकडं वळतोय.”

दिपालीचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. पण क्षणभरच.

“सुगी झाली म्हणालात ना तुम्ही?” ती म्हणाली. “मग रानात हाय काय जळायला? धसकटंच की. ती वेचता वेचता बायांचं कंबरडं मोडतं. यानं तर काम हलकं केलं, ताई.”

अभय खो खो हसायला लागला. माझा जन्म बजाजनगरात गेला, मला शेत म्हणजे बारा महिने उभं पीक. कापणीनंतर तिथं काय उरतं, हे कोण बघायला गेलंय?

“गावातली म्हातारी माणसं एक मेंढी घेऊन त्याच्यापुढं जातेत,” दिपालीचं सुरूच होतं, “आणि म्हणतेत, बाबा, आजची रात आमच्या रानात बस, उद्या शेजारच्याच्या. आमच्या मेंढ्या बसवतेत ना लोक शेतात, खतासाठी, आणि त्याबदली आम्हाला धान्य देतेत, तसं. याची राख बी चालंल अन् शेण बी.”

“ड्रॅगन असलं काही ऐकत नसतो,” मी म्हणाले.

“फासा तरी टाकू दे तिला,” सम्यक म्हणाला. नियम माझाच होता. तिनं टाकला. वीस आला.

इतक्या प्रेमानं पोसलेला माझा काळाग्नी मेंढी खाऊन मुकाट रानात बसला. मग उरलेली दुपार तो आधी कोणाच्या शेतात बसवायचा, यावरून भांडण. अभयनं त्याचं नाव बाळू ठेवलं.

“रत्नाताई, पुढच्या रविवारी वहिनींना चालवू द्या ना खेळ,” अभय म्हणाला, आणि सम्यकनं, माझ्या सख्ख्या भावानं, मान डोलावली. मग दोघं चहा टाकायला आत गेले.

मी फासा दिपालीपुढं सरकवला. “घे बाई. तुझंच जग झालंय आता.”

तिनं हात लावला नाही. “मला नाय जमायचं. जग तुम्ही केलं, मी नुसती राहते तिथं.” मग हळू आवाजात म्हणाली, “ड्रॅगन माझ्याच घरावर सोडला व्हता ना?”

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते “हो.”

“मला कळलं व्हतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “लहानपणी आमचं बिऱ्हाड घोड्यावर, ताई. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. शाळेत ‘माझं गाव’ असा निबंध आला की मी मैत्रिणीचं गाव लिहायची. आता तर आई-बाप पालापाशी बी येऊ देत नाय. उंबरदऱ्यात तेवढं माझं घर हाय. तुमचं जग हाय, मोडायचं तर मोडा. फकस्त आधी सांगा, म्हणजे मी बिऱ्हाड हलवीन. सवय हाय मला.”

“कुठं हलायचं नाही!” मी म्हणाले. ते इतक्या जोरात निघालं की सम्यक हातात चहाची गाळणी घेऊन धावत आला, आणि मी त्याच्या बायकोवर ओरडले असं समजून माझ्याकडंच डोळे वटारून बघायला लागला.