तिसरी डिस्क

त्रिवेणी शाळेत गणित शिकवायची, आणि वाटणीत नेमकं तेच नडलं.

तिचे वडील, अण्णा, गेले, दिवसकार्य झालं, आणि ती व तिचा धाकटा भाऊ शिवराज मलकपेठच्या घरात वाटणीला बसले. त्यांच्या घराण्यातली रीत अशी, की थोरल्यानं दोन वाटे करायचे आणि धाकट्यानं त्यातला एक आधी उचलायचा. मग कुणी कुणाला लबाड म्हणायला मोकळा राहत नाही. त्रिवेणीनं वाटे असे केले की नाव ठेवायला जागा उरू नये. खालचा मजला एकीकडे, वरचा दुसरीकडे. पातेली, पलंग, सतरंज्या, सगळं निम्मं निम्मं. राहता राहिला अण्णांचा डबा.

डबा म्हणजे अण्णांनी वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर हौसेनं जोडलेला घरचा सर्व्हर. आत एक मदरबोर्ड, त्याला तारांनी जोडलेल्या चार हार्ड डिस्क आणि सारखा घुमणारा एक पंखा. मोबाइलवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फोटो, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं ते डब्यात टाकायचे. शिवाय रोज संध्याकाळी माइकपुढं बसून दिवसभराची हकीकत सांगायचे, तीही डब्यात जायची. त्रिवेणी त्यांची चेष्टा करायची. घरात जितंजागतं माणूस असताना डब्याशी काय बोलायचं, हे तिला कधी कळलं नाही.

वाटणीच्या दिवशी तिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि चारही डिस्क काढल्या. दोन या ढिगात, दोन त्या ढिगात. रिकामा डबा शिवराजला नको होता. त्यानं आपला ढीग उचलला, वरच्या मजल्याला कुलूप घातलं आणि मियापूरला, आपल्या फ्लॅटवर निघून गेला. मलकपेठ आणि मियापूर एकाच मेट्रो लाइनीवर, मध्ये गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. तरी तो नंतर फिरकला नाही. भांडण झालं नव्हतं, हेच वाईट. झालं असतं तर मिटवायला तरी कुणी आलं असतं.

नारायणगुड्याच्या शाळेत दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून ती घरी यायची आणि घर खायला उठायचं. तेलुगू बातम्या लावून ठेवायची. समजत सगळं होतं, पण बातम्या देणारी बाई तिच्याशी थोडीच बोलत होती. एका संध्याकाळी तिला अण्णांच्या आवाजाची फार आठवण आली. तिनं डबा माळ्यावरून खाली काढला.

जोडणी अवघड नव्हती. प्रत्येक डिस्कला दोन तारा: एक रुंद, विजेची, आणि एक चपटी, जिचं दुसरं टोक मदरबोर्डवरच्या खाचेत बसतं. तोंडं अशी वाकडी केलेली की उलटी शिरतच नाहीत. हे तिला फार आवडलं. दोन डिस्क आहेत म्हणजे निम्मे फोटो दिसतील, निम्म्या संध्याकाळी ऐकू येतील, असा तिचा सरळ हिशेब. पडद्यावर आलं: चारपैकी दोन डिस्क सापडल्या नाहीत, साठा उघडता येत नाही. तिनं तारा दाबून बघितल्या, खाचा बदलल्या. उत्तर तेच.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना, सौरभला, गाठलं.

"मॅडम, फाइली अशा एकेका डिस्कवर नसतात," तो म्हणाला. "एकेका फाइलीचे तुकडे चारी डिस्कवर पसरलेले असतात. एक डिस्क गेली तर बाकीच्या तीन मिळून तिचा तुकडा भरून काढतात. दोन गेल्या तर खेळ खतम."

"म्हणजे माझ्याकडे निम्मं आहे."

"तुमच्याकडे काहीच नाही, मॅडम. तुमच्या भावाकडंही काहीच नाही. तिसरी डिस्क पाहिजे. कुठलीही चालेल."

जन्मभर पोरांना अपूर्णांक शिकवलेल्या बाईनं हे मुकाट्यानं ऐकून घेतलं.

शिवराजला फोन करायला तिला तीन-चार दिवस लागले. तो नाही म्हणेल याची भीती नव्हती. फोनच उचलणार नाही, याची होती. पण त्यानं उचलला.

"शिवा, तुझ्या वाट्यातली एक डिस्क पाहिजे होती रे."

"कैकू अक्का? वाटण्या परत करायच्या का?"

"अण्णांचा आवाज ऐकायचाय. माझ्या दोनवर उघडत नाही."

"एक तर मी फॉरमॅट केली, अक्का. लावून बघितली तर काहीच दिसेना. मला वाटलं रिकामीच आहे. तन्वीच्या डान्सचे व्हिडिओ भरले तिच्यात." तन्वी त्याची मुलगी.

"आणि दुसरी?"

"असेल कुठंतरी. बघतो लावून."

"लावू नको. तिला काही करू नको. आहे तशी घेऊन ये." हे तिनं वर्गातल्या आवाजात सांगितलं.

रविवारी तो आला. दोघं डब्यापुढं मांडी घालून बसले. त्यानं मोबाइलचा उजेड धरला, तिनं तारा खोचल्या. पंखा फिरला, दोन डिस्क घरघरल्या, तिसरी गप्प. शिवराजचा चेहरा उतरला. त्रिवेणीनं हात घालून विजेची तार चाचपली. ती अर्धीच बसली होती. जोर लावल्यावर आत कट्कन आवाज झाला, आणि थोड्या वेळानं पडद्यावर आलं: एक डिस्क गैरहजर, साठा उघडला आहे.

तिनं हाताला लागलं ते पहिलं रेकॉर्डिंग लावलं.

"आज दोन तास करंट नव्हता," अण्णा म्हणाले. "खात्यात फोन लावला तर पोरगा मला विचारतो, तुम्ही कोण. मी म्हटलं, तुझ्या खुर्चीत बसत होतो रे बाबा."

शिवराज हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून डोळे पुसू लागला. दुपार होईतो दोघं ऐकत राहिले. मलकपेठच्या बाजारातले भाव, बिघडलेला नळ, कोण वारलं, कोणाचं लग्न. तिनं सगळ्याची एक प्रत करून देऊ का म्हणून विचारलं.

"नक्को अक्का. इथंच राहू दे. मीच येत जाईन ना. दर रविवारी मिळून ऐकू."

तिला इतका आनंद झाला की तो तिनं लपवलासुद्धा नाही. त्याच्याशिवाय पुढचं ऐकणार नाही, असं कबूल करून टाकलं.

आठवडाभर तिनं डबा चालू केला नाही. मोह पुष्कळ झाला, पण नाही केला. रविवारी बगारा वांगी केली, ज्वारीच्या भाकरी केल्या. दुपारी मेसेज आला: तन्वीचा कार्यक्रम आहे, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी मेसेजही आला नाही. तिनं फोन केला नाही. आपण बोलावल्यावर आलेला भाऊ तिला नको होता.

ऊन कलल्यावर तिनं भांडी झाकली, डब्यापाशी येऊन बसली आणि राहिलं होतं तिथून पुढचं लावलं.

"आज रविवार," अण्णा म्हणाले. "शिवराज येतो म्हणाला होता. नाही आला. कामात असतो पोरगा, येईल पुढच्या वेळी." पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. "असं वाटतं, दोन शब्द कुणाशी बोलावेत. त्रिवेणी आहे आत. हाक मारावी म्हणतो. पण नक्को, सकाळपासून ओट्याशी उभी आहे, दमली असेल."

"नव्हते दमले, अण्णा," त्रिवेणी म्हणाली.

रविवारची हकीकत तिथंच संपली होती; यानंतरची सोमवारची होती.